चकाकणारी कॅमारो घ्यावी की कोठारातली शेव्हेल?

प्रश्न : मी ओहायोत कोलंबसला असतो. जुन्या अमेरिकन मसल कारचे, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाच्या गाड्यांचे, फोटो जमवायचं वेड आहे. चकाचक केलेल्या आणि गवतात सडत पडलेल्या, दोन्ही. आता एक गाडी घ्यायची म्हणतोय. दोघींचे फोटो पाठवतो. एक १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड-२८, 'पूर्ण रिस्टोअर केलेली', ७२ हजार डॉलर. दुसरी शेव्हरोलेचीच १९७० ची शेव्हेल, इंडियानात एका शेतावरच्या कोठारात १९८४ पासून उभी, ११ हजार. मालक म्हणतो एसएस ४५४ आहे, म्हणजे ४५४ घनइंचांच्या इंजिनाची स्पोर्ट आवृत्ती. कुठली घेऊ? नुसत्या फोटोंवरून काही कळतं का?

उत्तर : बरंच कळतं. कॅमारोचे तुम्ही चोवीस फोटो पाठवलेत. त्यातले एकोणीस बाहेरून काढलेले, आणि गाडीखालचा एकही नाही. शेव्हेलचे सहाच आहेत, दोन हललेले, एकात मालकाचा कुत्रा मधे आलाय. तरी त्या सहांनी मला जास्त सांगितलं.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला पंचवीसेक वर्षं जुन्या गाड्यांचं पत्राकाम आणि जुळणी करतो. मूळ कोल्हापूरचा, वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. बोनेटला हूड आणि डिकीला ट्रंक म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आधी कॅमारो. संध्याकाळचं ऊन, पाणी मारलेला ड्राइव्हवे, कॅमेरा जमिनीलगत. असा फोटो काढला की कुठलीही लाल गाडी देखणी दिसते. ओला रंग नेहमी नवा वाटतो, मग तो मुळात विटलेला का असेना. यात विकणाऱ्याची लबाडी असेलच असं नाही. पोरीच्या स्थळासाठी फोटो काढतात तसा त्याने गाडीचा काढलाय, इतकंच. मी असे फोटो बाजूला सारतो आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यातलं प्रतिबिंब शोधतो. त्यात विजेची तार, गॅरेजची ट्यूबलाइट, समोरचं कुंपण असं काहीतरी सरळ उमटलेलं असतं. तुमच्या पाचव्या फोटोत कुंपणाची रेघ दारापर्यंत सरळ येते आणि चाकाच्या कमानीवर लाट खाते. तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. किती जाड, ते तिथे चुंबक लावल्यावर कळेल.

पण लांबी ही किरकोळ गोष्ट. नववा फोटो पाहा, बोनेट उघडलेला. इंजिनमागच्या भिंतीवर, पॅसेंजरच्या बाजूला, कारखान्यातल्या एसीचा मोठा काळा डबा आहे. १९६९ च्या झेड-२८ ला एसी मिळतच नव्हता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही नाही. ही गाडी जन्माला आली ती ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी. तिथे इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून शेव्हरोलेने चार इंचांचं बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तीन इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) जुळवून ३०२ चं इंजिन केलं. कागदावर २९० हॉर्सपॉवर; चालवलेल्या कुणाचाच त्या आकड्यावर विश्वास नाही. पहिल्या वर्षी, १९६७ ला, अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या. १९६९ पर्यंत आकडा २०,३०२ वर गेला. त्यातली एकही एसी घेऊन बाहेर पडली नाही.

त्याच फोटोत कडेला बॉडीची, कारखान्याचे कोड ठोकलेली पत्र्याची पट्टी अर्धवट दिसते, आणि मोठी करून पाहिली तर 'एक्स ४४' वाचता येतं. नॉरवूड, ओहायोच्या कारखान्यात डिसेंबर १९६८ पासून ही एक्सची खूण ठोकायला लागले. झेड-२८ ला एक्स ३३ किंवा एक्स ७७ असायचं. एक्स ४४ म्हणजे साधी कॅमारो. चॅसिस नंबरवरून हे कळलं नसतं. त्या वर्षीच्या कॅमारोच्या नंबरात व्ही-८ की सहा सिलिंडर, कुठला कारखाना, कितवी गाडी अशा गोष्टी असतात. झेड-२८ चा त्यात उल्लेखच नाही. म्हणूनच कॅमारोचे क्लोन, म्हणजे साध्या गाडीला झेड-२८ चं रूप दिलेल्या नकला, इतके बोकाळले. बिल्ले, पट्टे, स्पॉयलर सगळं नवं मिळतं. अहो, १९६९ च्या कॅमारोचा अख्खा पत्र्याचा सांगाडासुद्धा नवाकोरा विकत मिळतो.

तर ही क्लोन आहे. क्लोन वाईट नसते. चालवायला तर उलट बरी, कारण ओरखडा आला तर काळजात कळ येत नाही. पण ती क्लोनच्या भावाने घ्यावी. काम चांगलं असेल असं धरूनही मी या गाडीला पन्नास हजारांच्या वर जाणार नाही, आणि गाडीखालचे फोटो न पाहता तर मुळीच बोलणी करणार नाही.

मालकाने 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं, असंही लिहिलंय, त्याबद्दल थोडं सांगतो. हा माझ्या आवडीचा भाग आहे. शेव्हरोलेच्या इंजिनावर पॅसेंजरच्या बाजूला पुढे, हेडच्या खाली, एक सपाट पट्टा असतो. त्यावर इंजिनाचा कोड आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. १९६९ च्या ३०२ चा कोड डीझेड. पण हातोडी आणि अक्षरांचे पंच कुणालाही मिळतात. म्हणून मी अक्षरांच्या आधी खालचा पृष्ठभाग बघतो. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशिनवर तासला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा पट्ट्यावर राहतात. कुणी जुने आकडे घासून नवे ठोकले असतील तर त्या रेघा गेलेल्या असतात, किंवा सँडपेपरने खोट्या काढलेल्या असतात आणि त्या डोळ्याला खुपतात.

दुसरी परीक्षा तारखेची. लोखंड ओततानाच ब्लॉकवर तारीख उमटते : आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालातला शेवटचा आकडा. 'सी १२ ९' म्हणजे १२ मार्च १९६९. आता बॉडीच्या पट्टीवर '०३बी' असेल, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा, तर गडबड आहे. ओतलेला ब्लॉक थंड व्हायचा, साफ व्हायचा, मशिनवर जायचा, इंजिन जुळायचं, मग गाडीच्या कारखान्यात पोचायचं. लोखंड ओतल्या आठवड्यातच इंजिन गाडीत बसत नाही, हे शिरोलीतलं शाळकरी पोरही सांगेल. मला ही गोष्ट कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. वडिलांच्या डब्याची वाट बघत साच्यांपाशी बसलेलं असताना कळली.

फोर्ड आणि क्रायसलरवाल्यांचं यात बरं आहे. त्यांच्या नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. १९७०-७१ च्या डॉज-प्लिमथच्या (क्रायसलरच्याच) गाडीत तिथे 'आर' असला की ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन. १९६७ पासूनच्या फोर्डचा कारखान्यातला तपशील मार्टी रिपोर्ट मागवून मिळतो. पॉन्टियाकचे बिलाचे कागद पीएचएस नावाची संस्था देते. शेव्हरोले घेणाऱ्याला मात्र गाडीच्या अंगावरच्या खुणांवर भागवावं लागतं.

मीही फसलोय, ते सांगायला हरकत नाही. इथे आल्यावर चारच वर्षांनी मी फोटो बघून १९६८ ची पॉन्टियाक 'जीटीओ' घेतली. सोनेरी रंग, काळं विनाइल छत, फोटो एकाहून एक. गाडी घरी आली, पहिल्या पावसात डिकीत पाणी. मागचा पत्रा उघडला तर आत जाळी, फायबरग्लास, आणि त्यामागे आधाराला कोंबलेली वर्तमानपत्रं. वर अर्धा इंच लांबी. मग मी तो नंबर नीट वाचला, जो घेण्याआधी वाचायला हवा होता. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. माझ्या गाडीचा २३७ ने होत होता. म्हणजे लमान्स, पॉन्टियाकचीच साधी गाडी. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तीन आकडे वाचायचे कष्ट न घेतल्याचे मी आठ हजार डॉलर मोजले, आणि बायको अजून कुठल्याही खरेदीच्या वेळी 'दोनशे सदतीस' एवढंच म्हणते.

आता शेव्हेल. फोटोत जाळीवर एसएसचा बिल्ला आहे, तो विसरा. चॅसिस नंबर १३६३७ ने सुरू होतो : मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल), व्ही-८, दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे खिडक्यांमध्ये खांब नसलेली. १९६६ ते १९६८ मध्ये एसएस ३९६ ला स्वतंत्र १३८ हा आकडा होता, पण १९६९ पासून एसएस नुसता ऑप्शन झाला आणि नंबरातून नाहीसा झाला. डॅशबोर्डात गोल मीटर आहेत, हे चांगलं लक्षण. साध्या मालिबूला आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर यायचा. पण शेव्हरोलेच्याच माँटे कार्लोतला गोल मीटरांचा डॅश उचलून मालिबूत बसवलेला मी पाहिलाय, तेव्हा एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

४५४ चं एवढं कौतुक का, तेही सांगतो. जनरल मोटर्सने आपल्याच मधल्या आकाराच्या गाड्यांवर इंजिनाची मर्यादा घातली होती. १९६४ मध्ये ती ३३० घनइंच असताना पॉन्टियाकने ३८९ चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून लमान्समध्ये घुसवलं, तीच पहिली जीटीओ. पुढे मर्यादा ४०० वर आली आणि १९७० ला उठली. त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ दोन रूपांत आलं : एलएस-५ ला ३६० हॉर्सपॉवर आणि एलएस-६ ला ४५०. पुढच्याच वर्षी कंपनीने प्रदूषणाच्या नियमांपायी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकदही उतरली. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली. म्हणजे एलएस-६ शेव्हेल एकाच वर्षाची पाहुणी. म्हणून प्रत्येक कोठारातल्या शेव्हेलचा मालक सांगतो की त्याची ४५४ आहे. (आणि जाता जाता, त्या वर्षीची 'एसएस ३९६' मोजली तर ४०२ घनइंच भरते. नाव खपत होतं, म्हणून बदललं नाही.)

मग ठरवायचं कसं? याच ठिकाणी बेवारस गाडी रिस्टोअर केलेल्या गाडीवर मात करते. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक बिल्ड शीट फिरायची, कुठलं इंजिन, कुठला गिअर, कुठला रंग याचा कागद. काम झालं की कामगार तो कुठेही टाकून द्यायचे. शेव्हेलमध्ये तो बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडतो, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत. चकाचक केलेल्या गाडीची टाकी कुणीतरी कधीच बदललेली असते आणि कागद कचऱ्यात गेलेला असतो. तुमच्या शेव्हेलची टाकी, फोटोतल्या गंजलेल्या पट्ट्यांवरून तरी, पन्नास वर्षांत कुणी उतरवलेली दिसत नाही.

आता वाईट बातमी. टायर रिमपर्यंत मातीत रुतलेत, म्हणजे कोठाराला फरशी नाही. मातीतून ओल वर येत राहते आणि गाडी खालून खाल्ली जाते. शिवाय १९८४ ला उभी राहण्याआधी तिने चौदा हिवाळे इंडियानाच्या रस्त्यांवर काढलेत. इकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ फेकतात. आमच्या डेट्रॉइट शहराच्या पोटात साधारण ११०० फुटांवर मिठाची खाणच आहे, इतकं ते मुबलक. कोकणात खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. इथे तेच मीठ थेट गाडीच्या पोटावर उडतं. ॲरिझोनाच्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, सीट फाटलेल्या असतात, पण पत्रा घण मारावा असा. मी नेहमी तसली गाडी घेईन.

चौथ्या फोटोत विनाइलचं छत मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात फुगलंय. तिथली खाच या गाड्यांची दुखरी जागा. विनाइलखाली पाणी साचतं, खाच सडते, पाणी डिकीत उतरतं, डिकीचा तळ जातो. तळ मिळतो नवा, खाचही मिळते. बॉडीखालची चॅसिस वेगळी असल्याने शेव्हेलचं मला खरं भय असतं ते मागच्या चाकांच्या वरच्या आणि मागच्या चॅसिसचं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर परत निघा.

पाचव्या फोटोत कार्ब्युरेटर जागेवर नाही आणि इंजिनाचं तोंड उघडं आहे. चाळीस वर्षं ओल आणि उंदीर. मालक बॅटरी लावून 'एकदा फिरवून बघू' म्हणेल. फिरवू देऊ नका. गंजलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. प्लग काढायचे, निम्मं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि निम्मं ॲसिटोन प्रत्येक भोकात ओतायचं, आठवडाभर वाट बघायची आणि मग क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने हलवायचं. उलट-सुलट, थोडं थोडं. अर्धा इंच हलली तरी त्या दिवशी पेढे वाटावेत. आणि मास्क घाला. उंदरांची घाण श्वासात जाणं इथे गंमत नाही.

पैशांचं बोलू. माझ्या वहीत अशा अवस्थेतल्या शेव्हेलचं पत्राकाम चारशे ते पाचशे तासांच्या खाली कधी गेलेलं नाही, आणि नट-बोल्टपर्यंत सोडवून पुन्हा जुळवायची म्हटली तर एकूण हजाराच्या वर. तासाला शंभर डॉलर धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. सुटे भाग, क्रोमचा मुलामा, रंग वेगळे. गाडी खरी एलएस-६ निघाली तर हे गणित जमतं. साधी मालिबू निघाली तर ती तुमची हौस, गुंतवणूक नव्हे.

पण पूर्ण रिस्टोअर करायलाच हवी असं कुणी सांगितलं? तुम्हीच लिहिलंय की सडलेल्या गाड्यांचे फोटो तुम्ही तितक्याच प्रेमाने जमवता. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात मेकम कंपनीच्या लिलावात १९६८ ची हिरवी फोर्ड मस्टँग, स्टीव्ह मॅक्क्वीन या नटाने 'बुलिट' सिनेमात पळवली ती, ३४ लाख डॉलरच्या बोलीवर गेली. रंग विटलेला, पत्र्याला पोचे, गंज. न्यू जर्सीतल्या ज्या कुटुंबाने ती घेतली, त्यांनी ती रोजच्या कामाला वापरली आणि १९८० मध्ये क्लच गेल्यावर उभी केली. कुणी तिला नवा रंग मारला असता तर मी त्याला बडवला असता. दर नोव्हेंबरात शिकागोजवळ रोझमाँटला मसल कारचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे आरशासारख्या गाड्यांपासून जवळच कोठारातून काढलेल्या गाड्या धुळीसकट मांडतात, आणि गर्दी धुळीपाशी जास्त असते. मीही तिथेच रेंगाळतो. नव्या रंगाच्या गाडीत मला दुसऱ्या कारागिराचा हात दिसतो, कधी चांगला, कधी आळशी. धूळ खाल्लेल्या गाडीत १९७० सालच्या शुक्रवारी घरी जायच्या घाईतल्या कामगाराने सांडलेला रंग दिसतो.

अर्थात धूळही खोटी असू शकते. पीठ चाळल्यासारखी सगळीकडे सारखी धूळ, काचेच्या खालच्या खाचेत मात्र काही नाही, असा फोटो दिसला की समजा ब्लोअर फिरलाय. तुमच्या शेव्हेलवरची खरी आहे; बोनेटवर मांजराच्या पावलांचे तीन वेगवेगळ्या काळांतले माग आहेत, काही धूसर, काही ताजे.

हौसेने फोटो टाकता त्यात एक पथ्य पाळा : कोठार किंवा शेत कुठलं ते कळू देऊ नका आणि मालकाला विचारल्याशिवाय टाकू नका. मागच्या वर्षी आमच्याकडे एका म्हाताऱ्याच्या आवारातल्या गाडीचा फोटो फिरला आणि पंधरवड्यात तिची जाळी आणि मागचे दिवे गेले.

तर कॅमारो सोडा, किंवा मालक क्लोनच्या भावाला आला तर मला पुन्हा विचारा. या शनिवारी इंडियानाला जा. आधी फोनवर विचारून घ्या की टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद त्याच्याच नावावर आहे ना. वारलेल्या भावाच्या नावावर असेल तर आधी तो घोळ त्याने निस्तरायचा, तुम्ही नाही. चुंबक, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, जुनी चादर न्या. चॅसिस टोचून बघा. ती टिकली तर मागून गाडीखाली आडवे व्हा, मोबाइलचा कॅमेरा चालू करून टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामधल्या फटीत सरकवा. कागद दिसला तर ओढू नका, चाळीस वर्षांनी त्याचा पापड झालेला असतो. नुसता फोटो काढा आणि मला पाठवा.